स्कोलिओसिसच्या ऑपरेशनमधलं न्यूरोमॉनिटरिंग : बिलातल्या एका ओळीचा रिव्ह्यू

सगळे हॉस्पिटलचा रिव्ह्यू लिहितात. पार्किंग मिळतं का, कॅन्टीनचा चहा कसा, सिस्टर नीट बोलतात की खेकसतात. मी हॉस्पिटलचा लिहीत नाहीये, बिलात एका ओळीत संपणाऱ्या एका सर्विसचा लिहितोय, न्यूरोमॉनिटरिंगचा. पाठीच्या कण्याचं ऑपरेशन चालू असताना आतला मज्जारज्जू ठीक आहे का, मेंदूकडून पायाकडे आणि पायाकडून मेंदूकडे सिग्नल जातायत का हे एक माणूस मशीनसमोर बसून पूर्ण वेळ बघत असतो, ती ही सर्विस. हॉस्पिटल पुण्यातलं आहे, मोठं आहे, नाव घालणार नाही कारण पुढे थोडी तक्रार पण केलीय आणि त्या डॉक्टर मंडळींकडे अजून बरेच दिवस फॉलोअपला जायचंय.

आधी थोडक्यात केस. मुलगी नववीत, स्कोलिओसिस. आम्ही कोल्हापूरचे. कणा उजवीकडे बाक घेऊन गेलेला, उजवा खांदा वर, पुढे वाकली की पाठीची एक बाजू उचललेली दिसायची. एक्सरेवर जो कोन मोजतात, कॉब अँगल, तो 58 डिग्री. साधारण 25 ते 40 च्या दरम्यान असेल आणि मूल अजून वाढत असेल तर ब्रेस म्हणजे पट्टा लावतात, 45-50 च्या पुढे गेलं की ऑपरेशनचं बोलणं सुरू होतं. कोणी दप्तराला दोष दिला, कोणी मोबाईलला, कोणी आडवं झोपून वाचायच्या सवयीला. ह्यातल्या कशाचाच संबंध नाही, बहुतेक मुलांमध्ये कारण सापडतच नाही, वाढीच्या वयात होतं आणि मोठा बाक मुलींमध्ये जास्त दिसतो. उसेन बोल्टला पण स्कोलिओसिस आहे हे पोरीला सांगितलं तर म्हणाली, मग मला पण पीटीच्या तासाला पळायला सोडा की.

ऑपरेशन म्हणजे पाठीमागून उघडून मणक्यांमध्ये दोन्ही बाजूंनी स्क्रू घालायचे, त्यात धातूचे दोन रॉड बसवायचे, रॉड फिरवून-ताणून कणा सरळ करायचा आणि हाडाचा चुरा टाकून तेवढे मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकायचे. ऐकायला सुतारकाम वाटतं. पण ज्या कण्याला ताणणार त्याच्या आतूनच मज्जारज्जू गेलेला, आणि तो काही रॉडसारखा ताणून घेणारा नाही. पायातली ताकद जाण्याचा धोका ह्या वयाच्या साध्या केसमध्ये एक टक्क्याच्या आतच असतो असं सर्जननी सांगितलं. एक टक्क्याच्या आत म्हणजे कमीच. पण आपल्या पोरीच्या बाबतीत टक्केवारी कोणाला ऐकू येते, बायकोने फक्त "पाय जाऊ शकतात" एवढंच ऐकलं.

आता तक्रारीचा भाग, तो आधीच उरकतो. पॅकेज समजावणाऱ्या काउंटरवर एक छान इस्त्रीचे कपडे घातलेला मुलगा होता, त्याने रूमचे प्रकार, आयसीयूचे दिवस, इम्प्लांट देशी-विदेशी, सगळं कागदावर काढून दिलं. स्क्रूच्या कंपन्यांवर तो एवढा बोलला की मी म्हटलं हा कमिशनवर आहे का काय. न्यूरोमॉनिटरिंगची ओळ त्या कागदावर नव्हतीच. मला हा शब्द आमच्या ऑफिसातल्या एकाच्या भावाच्या मणक्याच्या ऑपरेशनमुळे माहीत होता म्हणून विचारलं, तर म्हणाला "ते लागलं तर बघतात सर, ऑप्शनल असतं". ऑप्शनल! गाडीचे सीट कव्हर आहेत का ते. वर सर्जनकडे गेलो आणि विचारलं तर ते म्हणाले मॉनिटरिंगशिवाय मी स्कोलिओसिसला हात लावत नाही, काउंटरवर काय सांगतात मला माहीत नाही. म्हणजे एकाच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर कंपल्सरी आणि खालच्या मजल्यावर ऑप्शनल. आम्ही विचारलं म्हणून कळलं, जो विचारणार नाही त्याला बिल आल्यावर कळणार.

मी महावितरणमध्ये आहे, त्यामुळे करंट, सिग्नल, अर्थिंग असले शब्द आले की माझे कान टवकारतात, आणि सर्जनना पण बहुतेक बरं वाटलं असावं की कोणीतरी स्क्रूच्या किमतीपलीकडचं विचारतंय, त्यांनी ओपीडीत गर्दी असून वेळ दिला. जमिनीखालची केबल खोदकामात तुटली का बघायला आपण एका टोकाला सिग्नल सोडतो आणि दुसऱ्या टोकाला मिळतो का बघतो, तसंच आहे हे, फक्त केबल जिवंत आहे आणि दोन्ही दिशांनी तपासावी लागते. पायाच्या घोट्याजवळच्या नसेला बारीक करंट द्यायचा आणि डोक्यावर तो पोचला का बघायचं, ह्याला एसएसईपी म्हणतात. घोट्यापासून मेंदूपर्यंत सिग्नल यायला सेकंदाचे हजार भाग केले तर साधारण 37-40 भाग लागतात. हा सिग्नल इतका बारीक असतो की मेंदूच्या स्वतःच्या गोंगाटात बुडून जातो, म्हणून शेकडो वेळा करंट देऊन त्याची सरासरी काढतात तेव्हा कुठे लाट दिसते, आणि त्यात मिनिट-दोन मिनिटं जातात. नेहमीच्या उंचीपेक्षा लाट निम्म्यावर आली किंवा यायला 10 टक्के उशीर झाला की धोक्याची घंटा.

दुसरी उलट्या दिशेची. डोक्याच्या कातडीत स्क्रूसारख्या वळणाच्या बारीक सुया फिरवून बसवतात, त्यातून काही शे व्होल्टचे चार-पाच झटपट ठोके देतात, आणि हातापायाच्या स्नायूंमध्ये सुया असतात तिथे उत्तर येतं का बघतात. ही एमईपी. काही शे व्होल्ट ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो, पण ठोका इतका क्षणिक असतो की एनर्जी फार थोडी जाते. माणसाला डोक्यावरून असा ठोका देऊन हात हलवून दाखवणं 1980 मध्ये इंग्लंडमध्ये मर्टन आणि मॉर्टन ह्या दोघांनी केलं होतं, पण ते जाग्या माणसावर. भूल दिलेल्या माणसात एका ठोक्याने काम होत नाही, ठोक्यांची माळ लागते हे 1990 च्या दशकात कळलं आणि मग ही गोष्ट ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये नीट वापरात आली.

दोन्ही का लागतात हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. एसएसईपी जो रस्ता बघते तो मज्जारज्जूच्या मागच्या भागातला आहे, स्पर्श आणि जाणिवेचा. पाय हलवणारा रस्ता वेगळा, आणि त्या भागाला मुख्यतः पुढच्या बाजूच्या रक्तवाहिनीतून रक्त मिळतं. पुढचं रक्त कमी पडलं तर मागचा सिग्नल झकास चालू आणि पेशंट उठल्यावर पाय हलत नाही असं होऊ शकतं, आणि 1980 च्या दशकात अशा केसेस झाल्या, छापून पण आल्या. 2007 मध्ये अमेरिकेतल्या 1121 स्कोलिओसिसच्या मुलांचा अभ्यास आला, त्यात 38 जणांच्या ऑपरेशनमध्ये अलर्ट आला होता, आणि एमईपीवर बदल आधी दिसला, एसएसईपी सरासरी पाचएक मिनिटं मागे होती. ऑपरेशनमध्ये पाच मिनिटं म्हणजे पुष्कळ. त्यामुळे "मॉनिटरिंग आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, दोन्ही आहे का विचारा.

हे सगळं नव्हतं तेव्हा काय करायचे? पेशंटला मध्येच उठवायचे. खरंच. पाठ उघडी, रॉड बसवलेला, आणि भूल हलकी करून कानात सांगायचं हात दाब, आता पाय हलव. हात दाबला म्हणजे ऐकू येतंय, आणि मग पाय हलले नाहीत तर गडबड आहे. फ्रान्समध्ये लिऑनच्या स्टॅग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1973 मध्ये ही वेक-अप टेस्ट छापली, आजही तिला त्यांचंच नाव आहे. पोटावर पालथा पेशंट, तोंडात नळी, अर्धवट जागा झाला आणि धडपडला तर नळी निघू शकते, सलाईन निघू शकतं. आणि ती एका क्षणाचंच उत्तर देते, त्यानंतर दहा मिनिटांनी काय झालं ते तिला माहीत नाही. तरी ती मोडीत निघालेली नाही, सिग्नल गेला आणि परत येईना तर आजही हीच शेवटची खात्री. त्यामुळे आमच्या पोरीची आदल्या संध्याकाळी रिहर्सल घेतली. भूलवाले डॉक्टर केरळचे, त्यांचं मराठी जेमतेम, ते म्हणाले झोपेत तिला कुठली भाषा पटकन कळेल ती मला शिकवा. मग पोरीने त्यांना "पाय हलव" शिकवलं आणि ते "पाय हळव, पाय हळव" करत बसले, आठवडाभरात आमच्या रूममधला पहिला हशा तो.

मॉनिटरिंगवाल्या मॅडम त्याच संध्याकाळी येऊन गेल्या. ह्याला माझ्याकडून पूर्ण मार्क. वय तिशीच्या आसपास, हॉस्पिटलच्या पेरोलवर नाहीत, मशीन ट्रॉलीवर घेऊन वेगवेगळ्या हॉस्पिटलना जातात, आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी असंच चालतं. त्यांनी पोरीलाच विचारलं, मला नाही. फिट कधी आली होती का, कानात इम्प्लांट किंवा छातीत पेसमेकर असलं काही आहे का, डोक्याचं कधी ऑपरेशन झालंय का, दात हलतोय का कुठला. पाय वर उचलून, अंगठा दाबून दोन्ही पायांची ताकद स्वतः तपासली आणि लिहून घेतली. म्हणाल्या, उद्या तुझ्या डोक्यात, हातात, पायात मिळून बऱ्याच बारीक सुया असतील, सगळ्या तू झोपल्यावर लावणार आणि उठायच्या आधी काढणार. पोरीने विचारलं केस कापणार का. नाही म्हणाल्या. बास, तिचा प्रश्न संपला.

भुलीचं पण ह्यात गणित असतं हे मला माहीत नव्हतं. नेहमीचा भुलीचा गॅस एमईपीचा सिग्नल दाबून टाकतो, आणि स्नायू ढिले करायचं औषध चालू ठेवलं तर स्नायू उत्तरच देणार नाही, मग मशीन लाखोंचं असलं तरी स्क्रीनवर सरळ रेघ. म्हणून भूल पूर्ण शिरेतून देतात, प्रोपोफॉल आणि जोडीला दुखण्याचं औषध, आणि स्नायू ढिलं करणारं औषध सुरुवातीला नळी घालण्यापुरतंच. म्हणजे भूलवाल्या डॉक्टरना जास्त काम, पंप सांभाळायचे, बीपी सांभाळायचं. जिथे भूलवाले आणि मॉनिटरिंगवाले एकमेकांशी बोलत नाहीत तिथे ही सर्विस घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता मुख्य गोष्ट. अलर्ट आला.

मी अर्थातच आत नव्हतो, बाहेर त्या एसीत गारठत होतो. जे लिहितोय ते सर्जननी संध्याकाळी सांगितलेलं आणि नंतर मिळालेल्या रिपोर्टवरून, रिपोर्टमध्ये प्रत्येक गोष्टीची वेळ टाकलेली आहे, मला असले लॉग वाचायची सवय आहे. स्क्रू सगळे व्यवस्थित बसले. खालच्या स्क्रूंना करंट देऊन तपासतात, थोड्याशा करंटलाच पायाच्या स्नायूने उत्तर दिलं तर स्क्रू हाडाची भिंत फोडून नसेजवळ गेला असण्याची शंका येते, तसं काही नव्हतं. मग डावीकडचा रॉड घातला आणि फिरवून कणा सरळ करायला घेतला. त्यानंतर थोड्याच वेळात मॅडमनी एमईपी घ्यायला परवानगी मागितली. परवानगी मागावीच लागते, कारण ठोका दिला की अंगाला झटका बसतो, तेवढ्यापुरते सर्जन हात बाजूला घेतात. डाव्या पायाचा सिग्नल जवळजवळ गेलेला, उजव्या पायाचा पण कमी. दोन्ही हातांचे जसेच्या तसे.

हे हातांचं फार हुशारीचं आहे. बाक छातीच्या मणक्यांत, हाताच्या नसा त्याच्या वरून निघतात, म्हणजे ऑपरेशनचा हातांवर परिणाम व्हायला नको. हातांचा सिग्नल पण गेला असता तर भूल जास्त झाली, बीपी सगळीकडेच पडलं, किंवा डोक्यावरची सुई निघाली असा अंदाज बांधला असता. हात चांगले आणि पाय गेले म्हणजे भानगड मधेच कुठेतरी. मॅडमनी व्होल्टेज वाढवून परत घेतला, पायाच्या सुया जागेवर आहेत का बघितलं. परत तेच. तोवर एसएसईपी चांगली दिसत होती, ती नंतर थोडी उतरली. फक्त एसएसईपी लावलेली असती तर त्या वेळी ओटीत सगळे निवांत असते.

मग तिथे काय झालं ते ऐकून मला जास्त बरं वाटलं. गाणी बंद, फालतू बोलणं बंद, आणि भिंतीवर एक लॅमिनेट केलेली चेकलिस्ट आहे ती एकाने मोठ्याने वाचायला घेतली. अशी चेकलिस्ट अमेरिकेतल्या सर्जन मंडळींनी 2014 मध्ये एकत्र बसून तयार केली होती, तशीच ह्यांनी स्वतःची केलीय. भूलवाल्यांनी बीपी वर नेलं. तोवर मीन प्रेशर, म्हणजे सरासरी बीपी, साठच्या थोडं वर होतं, रक्त कमी जावं म्हणून कणा उघडताना मुद्दाम कमी ठेवतात, ते 85 च्या पुढे नेलं, हिमोग्लोबिन बघितलं, रक्त चढवायला घेतलं, अंग गार पडलंय का बघितलं. आणि सर्जननी रॉड ढिला केला. म्हणजे तोवर जे सरळ केलं होतं ते सोडून दिलं, कण्याला पाहिजे तसं परत जाऊ दिलं. साधारण वीस मिनिटांत आधी उजवा आणि मग डावा पाय परत आला. वेक-अपची वेळ आली नाही, "पाय हळव" वाया गेलं.

त्यानंतर सर्जननी परत सरळ केला, पण हळूहळू, थोडं फिरवलं की थांबून एमईपी, थोडं फिरवलं की थांबून एमईपी, आणि एका जागी थांबवला. बाक 58 चा 26 वर आला. बाकीच्या मुलांचे फोटो दाखवतात तसा सरळसोट नाही. घरी बघायला आलेल्या आत्याबाई एक्सरे खिडकीशी धरून म्हणाल्या, "एवढे पैसे घातले आणि थोडं वाकडं राहिलंच की रे." मी म्हटलं आत्या, ते वाकडं राहिलंय ना, त्याचेच पैसे दिलेत. त्यांना काही ते पटलं नाही, पोरीला पटलं, ती दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिली होती.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर अलर्ट आला म्हणजे मॉनिटरिंग नसतं तर पाय गेलेच असते असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, सर्जननी पण सांगितलं नाही. सिग्नल जातो आणि तरी पेशंट नीट उठतो असंही होतं. खोटे अलर्ट पण येतात. एमईपी किती टक्के कमी झाली की घाबरायचं ह्यावरही सगळ्यांचं एकमत नाही, कोणी निम्मं म्हणतं, कोणी 80 टक्के, कोणी पूर्ण गेला तरच. म्हणूनच मशीनपेक्षा त्यासमोर कोण बसलंय ह्याला माझ्या मते जास्त किंमत आहे. 1995 मध्ये एक मोठा सर्व्हे छापून आला होता, 51,263 ऑपरेशनचा, तेव्हा फक्त एसएसईपी होती, त्यात दिसलं की अनुभवी मॉनिटरिंग टीम असलेल्या ठिकाणी पेशंटला इजा होण्याचं प्रमाण नवख्या टीमच्या मानाने निम्म्याहून कमी. मशीन दोघांकडेही होतंच ना. ओटीत कॉटरी, म्हणजे करंटने जाळून रक्त थांबवायचं हत्यार, चालू झाली की स्क्रीनवर नुसता कचरा येतो, वॉर्मरचा, टेबलच्या मोटरचा 50 हर्ट्झचा गुणगुणाट सिग्नलमध्ये घुसतो, अर्थिंग नीट नसेल तर विचारूच नका. त्यात खरा बदल कुठला आणि कचरा कुठला हे ओळखणं, आणि ओळखल्यावर वीस वर्षं सीनियर असलेल्या सर्जनला "सर थांबा" म्हणणं, ह्याचे पैसे आहेत. अमेरिकेत ह्या लोकांसाठी वेगळी सर्टिफिकेट परीक्षा आहे, आणि बऱ्याच वेळा लांब बसलेला डॉक्टर इंटरनेटवरून त्यांची स्क्रीन बघत असतो. ते लांबून बघणं मला व्यक्तिशः फार रुचलं नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

उणिवा. पोरीची जीभ एका बाजूला चावली गेली. डोक्यावर ठोका दिला की जबडा पण आवळला जातो, त्यासाठी दाढांमध्ये गॉजचे मऊ रोल घालतात, घातले होते, पालथं करताना एक सरकला असावा असं म्हणाले. बरेच दिवस तिखट बंद, कोल्हापूरच्या पोरीला ही शिक्षा पाठीपेक्षा मोठी. हा ह्या तपासणीचा माहितीतला त्रास आहे, 2002 मध्ये 15 हजारांहून जास्त केसेसचा आढावा निघाला होता त्यात जीभ-ओठ चावल्याच्या 29 नोंदी होत्या, फिट आल्याच्या 5. म्हणजे दुर्मिळ आहे, आमच्या वाट्याला आलं. कन्सेंट फॉर्मवर हे लिहिलेलं होतं का? होतं, पाचव्या पानावर, इंग्रजीत. मराठीत एक पान करायला काय जातं. डोक्यात सुयांच्या जागी बारीक खपल्या धरल्या होत्या, केस धुताना कळल्या, पोटऱ्यांवर दोन-तीन काळेनिळे डाग होते. ते किरकोळ.

अजून एक, हे मॉनिटरिंग टाके घालून झाले की संपतं. क्वचित काही पेशंटना पायाचा त्रास ऑपरेशननंतर काही तासांनी सुरू होतो, बीपी पडल्याने किंवा आत रक्त साठल्याने, तेव्हा ना मशीन असतं ना मॅडम. म्हणून आयसीयूत सिस्टर रात्रभर दर तासाला उठवून अंगठे हलवायला लावत होत्या. पोरगी वैतागली, बायकोने पण सुरुवातीला "झोपू दे की जरा" म्हटलं, पण त्या सिस्टर ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांना वेगळे पाच स्टार. आणि खूप लहान मुलं असतील किंवा सेरेब्रल पाल्सीसारखा आधीचा आजार असेल तर सिग्नल मुळातच कमजोर मिळतात, तिथे ही सर्विस एवढी भरवशाची राहत नाही, हे मॅडमनीच सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

पैसे. पाच आकडी रक्कम, आमच्या एकूण बिलात स्क्रू-रॉडच्या खर्चाशेजारी ही ओळ शोधावी लागत होती. इन्शुरन्सच्या टीपीएने, म्हणजे कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या मधल्या एजन्सीने, पहिल्या फटक्यात हीच ओळ कापली, "नॉन-पेएबल" शेरा मारून, स्क्रूचे मात्र गपगुमान दिले. आता स्कोलिओसिस रिसर्च सोसायटी ही ह्या विषयातली जगातली मोठी संस्था, 1966 पासूनची, ती केव्हापासून सांगतेय की हे प्रयोग-बियोग नाही, ऑपरेशनचा भाग आहे. सर्जनकडून तसं पत्र घेतलं, रिपोर्ट जोडला, परत पाठवलं, तेव्हा मंजूर झालं. त्यात मला दुपारचा डबा खायला वेळ मिळेना इतके फोन झाले.

तुमच्या घरी कोणाचं हे ऑपरेशन ठरत असेल तर काउंटरवर नाही, सर्जनला विचारा. एसएसईपी आणि एमईपी दोन्ही लावणार का, मशीनवर बसणारा माणूस पूर्ण वेळ आमच्याच केसवर असणार का शेजारच्या ओटीत पण बघणार, तो स्कोलिओसिसच्या केसेस नेहमी करतो का, भूल शिरेतून देणार का गॅसने, आणि सिग्नल गेला तर तुम्ही काय करता. शेवटच्या प्रश्नावर सर्जन चिडले तर दुसरा सर्जन बघा असं माझं स्पष्ट मत आहे. आमचे चिडले नाहीत, कागद घेऊन चित्र काढायला लागले. आणि जमलं तर मॉनिटरिंगवाल्यांना आदल्या दिवशी भेटायला मागा, काही ठिकाणी ते पेशंटला पहिल्यांदा बघतात ते झोपलेलाच.

रेटिंग द्यायचं तर मॉनिटरिंगला साडेचार स्टार, अर्धा जिभेसाठी कापला. भूलवाल्या डॉक्टरना पाच, मराठीसाठी नाही, पंपांसाठी. काउंटरला दीड, तो पण इस्त्रीसाठी. मॉनिटरिंगचा रिपोर्ट डिस्चार्जच्या फाईलमध्ये आपोआप येत नाही, टीम बाहेरची असेल तर नंतर मागायला फार फिरावं लागतं, त्यामुळे घरी निघायच्या आधीच कॉपी मागून घ्या, सह्या-शिक्क्यासकट, टीपीएला पण तीच लागते.